जुनी बारा बोअर घेताना

कळंबच्या ऊसपट्ट्यात कुणी जुनी दुनळी घ्यायला निघालं की मला सोबत नेतात. आजवर जे कळलं ते असं.

१. आधी बंदुकीची हकीकत विचारा, लोखंड नंतर. ट्रॅपची, म्हणजे उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीची, बंदूक चालून झिजते. एका राउंडला २५ तबकड्या, मोठ्या स्पर्धेत १२५, सराव वेगळाच. बाहेरून चकाचक, आतून सांधा ढिला. शेतकऱ्याची याच्या उलट: वर्षाकाठी चार बार, बाकी काळ कपाटात, निवडणूक लागली की ठाण्यात जमा. ती पडून पडून गंजते. म्हणून पहिलीचा सांधा बघायचा, दुसरीची नळी.

२. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे स्वतः उघडून बघा. मालक सख्खा मामा असला तरी.

३. सांध्यासाठी पुढचं लाकूड काढा, बंदूक मिटवा आणि नळ्या हलवून बघा. खडखडली की भाव पाडून मागा. मिटल्यावर वरचा लिव्हर जरा उजवीकडे थांबला तर आयुष्य शिल्लक आहे. मध्य ओलांडून डावीकडे गेला तर झीज झालीय.

४. नळी उजेडाकडे धरा. आत प्रकाशाच्या कड्या गोल दिसल्या पाहिजेत. जिथं कडी मोडते तिथं पोचा. खड्ड्यांना मी भीत नाही, खड्डे घासून काढलेल्या नळीला भितो. १२ बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिलिमीटर. माप बरंच जास्त भरलं तर भिंत पातळ झालीय, आणि वरचा नवा काळा मुलामा ते सांगणार नाही. मग नळ्या सुट्या करून टांगा, बोटाच्या पेरानं ठोका. घंटेसारखा नाद हवा. बद्द वाजलं तर मधली पट्टी सुटलेली.

५. जुन्या इंग्रजी बंदुकीत चेंबर बहुधा ६५ मिलिमीटरचं. ७० चं काडतूस आत बसतं, पण बार उडताना त्याला उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. पट्ट्या पिळून केलेली जुनी डमास्कस नळी असेल तर बंदूक शोभेला भिंतीवर लावा.

६. वेब्ली स्कॉटचं विलायती नाव ऐकून भाळू नका. १९८० च्या दशकात सामान्यांसाठी आयात बंद झाली, तेव्हापासून भाव टंचाईचा. सरकारी ऑर्डनन्स कारखान्याची साधी दुनळी घट्ट असेल तर शेताला पुरते. ट्रॅपची बंदूक तर मुद्दाम थोडी वर मारते, कारण तबकडी चढत जाते. जमिनीवरून पळणाऱ्या डुकराच्या डोक्यावरून छर्रे जातील.

७. नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून बघा. घेणाऱ्याकडे परवाना हवाच, आणि विकणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं. त्याआधी कुणी विसार मागितला तर मी चहा घेऊन उठतो.