पंखा सुरू ठेवून ऐक

बाळा, टिपेश्वरच्या जंगलावरची फिल्म मिक्स करायला घेतलीस म्हणून सांगतो. जंगलाचे आवाज तू जीव ओतून रेकॉर्ड केले आहेस, मान्य. पण पांढरकवड्याच्या घरात ती पाहिली जाईल तेव्हा डोक्यावर पंखा घरघरत असेल. आताच्या सपाट टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली नाहीतर मागे तोंड करून असतात. हेडफोनवर लख्ख वाटलेलं वाक्य तिथे विरून जातं.

बोलणं कळेना की लोक निवेदनाचा फेडर वर ढकलतात. तू आधी संगीत खाली घे, तेही निवेदक तोंड उघडण्याच्या अर्धा सेकंद आधी, हळूच. तेवढ्याने भागलं नाही तर संगीतातला दोन ते चार किलोहर्ट्झचा पट्टा तीनेक डेसिबलने कमी कर. स्वर दणदणीत असतात, ते कसेही पोचतात. शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवर, आणि त्यांची धार बरीचशी याच पट्ट्यात आणि त्याच्या वर असते. ‘कापूस’मधला ‘स’ बासरीखाली दबला की ‘कापू’ उरतं. वय झालं की कान आधी हेच बारीक आवाज गमावतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांची तक्रार खरी मान. निवेदनात शिरलेली हायवेवरच्या ट्रकची घरघर मात्र खालच्या पट्टीतली. निवेदनाला ऐंशी हर्ट्झखाली कात्री लावलीस की बरीच जाते.

कोलामी बोलणाऱ्या आजीवर मराठी निवेदन घालशील, तेव्हा तिचा आवाज दोन-तीन सेकंद पूर्ण ऐकू दे. मग खाली घे, पण पुसू नकोस. निवेदन संपलं की तिचं शेवटचं वाक्य पुन्हा वर येऊ दे. तिचं म्हणणं तिच्याच गळ्यातून आलंय, हे प्रेक्षकाला कळायलाच हवं.

राहिली आवाजाची एकूण पातळी. युरोपच्या प्रसारकांनी 2010 मध्ये ती उणे 23 एलयूएफएस (आवाजाच्या मोठेपणाचं एकक) ठरवली. आपल्या वाहिनीने जी दिली असेल ती पाळ. पण मीटर एकूण आवाज मोजतं, शब्द कळला की नाही ते सांगत नाही. तुझाही कान इथे भरवशाचा नाही. तुला संहिता पाठ आहे, न ऐकू आलेला शब्दही तू मनात भरून घेतोस. म्हणून संहिता न वाचलेल्या माणसाला घरच्या टीव्हीवर, आवाज बेताचा ठेवून ऐकव. जिथे तो “काय म्हणाला?” विचारेल, तिथला टाइमकोड लिहून घे. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच जागा उघड.