वीस माणसांची मंडळी

प्रश्न : आमच्या गावाबाहेर एक छोटे चर्च आहे. रविवारी तिथे जेमतेम वीस-पंचवीस माणसे दिसतात. तालुक्याला मोठे चर्च असताना ही माणसे तिकडे का जात नाहीत? आणि आमच्यासारख्या ख्रिस्ती नसलेल्याने तिथे जाऊन बसले तर चालते का?
— एक वाचक, ता. नेवासे

उत्तर : तुम्ही इमारत मोजलीत. आतली माणसे मात्र स्वतःला ‘मंडळी’ म्हणवतात, आपण ‘घरची मंडळी’ म्हणतो ना, जवळपास तशीच. शेजारी मोठा वाडा आहे म्हणून घरच्या मंडळींना तिकडे राहायला जा, असे कोणी सांगत नाही.

मुळात सुरुवातच घरातून झाली. बायबलमधल्या पौलाच्या पत्रांत प्रिस्का आणि अक्विला या नवराबायकोच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितलेला आहे. (नगरकडचे ख्रिस्ती लोक एकमेकांना अजूनही ‘सलाम’ करतात.) सीरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपस नावाचे जुने शहर आहे. तिथे १९३१-३२च्या उत्खननात एक साधे घर सापडले. इसवी सन २४०च्या सुमारास दोन खोल्यांमधली भिंत पाडून त्याची उपासनेची जागा केली होती. साठ-सत्तर माणसे दाटीवाटीने बसतील, एवढीच ती जागा.

तुमच्या भागात हे लोण खेडोपाडी कसे पसरले, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१मध्ये अहमदनगरला ठाणे केले आणि पुढे गावोगाव छोट्या शाळा काढल्या. पुष्कळ ठिकाणी आठवडाभर पोरांना बाराखडी शिकवणारा मास्तरच रविवारी उपासना चालवी. माणसे आपापल्या गावात, आपापल्या शिवारातच राहिली. त्यामुळे मंडळ्या छोट्या झाल्या आणि छोट्याच राहिल्या.

आता त्यांचा उपयोग काय? बहुतेक ठिकाणी एकाच पाळकाकडे अनेक गावे असतात. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि प्याला वाटण्याच्या, रविवारी तो येतो, इतर रविवारी गावातल्यांनीच निभवायचे. मग ज्याला वाचता येते तो शास्त्रपाठ वाचतो, जिचा गळा बरा ती पद उचलते, आणि पेटीवर बसतो त्याला चारच सुरावटी येत असल्या तरी त्याच्यावाचून अडते. पाचशेंच्या चर्चमध्ये यांच्यातल्या एकालाही कोणी पुढे बोलावले नसते. दुसरे म्हणजे गैरहजेरी. वीस जणांत एक जागा रिकामी असली की दुसरे पद सुरू व्हायच्या आत कुजबुज होते, आणि दुपारी कोणीतरी त्या घरी डोकावतेच. आजारपण असो की मयत, निरोप धाडावा लागत नाही. माझ्या मते छोट्या मंडळीची खरी कमाई हीच.

अर्थात सगळे गोडच नसते. भाऊबंदकी थेट बाकांपर्यंत येते, एखाद्या घराण्याचा शब्द जड होतो, आणि पाळकाच्या पगाराची वर्गणी वर्षानुवर्षे थकते. डोकावणाऱ्या शेजाऱ्याचा जाचही होतो.

मंडळीचे दार बाहेरच्यांसाठी उघडण्याचा प्रयत्नही झाला आहे. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. तो प्रयोग फार फैलावला नाही, पण त्यांची पदे आणि भजने आज खेड्यातल्या पाच-पंचवीस माणसांच्या तोंडी आहेत. आणि गंमत अशी की मुंबईकडच्या भल्यामोठ्या कॅथलिक धर्मग्रामांमध्येही वस्तीवार छोटे ख्रिस्ती समूह मुद्दाम केलेले आहेत. मोठ्यांनाही घरचा आकार लागतो, असा त्याचा अर्थ मी काढतो.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. खुशाल जा, कोणी हटकणार नाही. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला पुढे आला तर नुसते बसून राहा, ते बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असते. मागे बसून गुपचूप पाहावे म्हणाल, तर वीस जणांत मागची रांग फारशी मागे नसते. नाव-गाव सांगावे लागेल. हंगामाच्या सणाला गेलात, तर खिशात थोडे पैसे असू द्या. अर्पणात आलेली बाजरी, अंडी, भोपळे, एखादी कोंबडी यांचा उपासनेनंतर पुष्कळ गावांत लिलाव होतो आणि पाहुण्याकडे बघून बोली हमखास वाढते.