एका दिवसाचं तंजावर: काय पाहावं, काय सोडावं?

प्रश्न: फेब्रुवारीत माझ्या भाचीचं लग्न तिरुचिरापल्लीला आहे. लग्न आटोपल्यावर आम्हा दोघांच्या हाती एक पूर्ण दिवस उरतो, दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची गाडी. ह्यांचं म्हणणं, गाडी ठरवून तंजावर, दारासुरम, कुंभकोणम आणि गंगैकोंडचोळपुरम सगळं एका दमात उरकून घेऊ, एवढ्या लांब पुन्हा कोण जातंय! मला वाटतं, एकट्या तंजावरलाच जावं. पण ‘एका गावात दिवसभर करायचं काय?’ असं हे विचारतात आणि मला उत्तर सुचत नाही. आम्हा दोघांनाही तमिळ येत नाही. साठी उलटली आहे आणि माझे गुडघे फारशी साथ देत नाहीत. अनोळखी शहरातला एकच दिवस सत्कारणी कसा लावावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर: या वादात मी तुमच्या बाजूने आहे.

आधी नकाशा समोर ठेवा. तिरुचिरापल्लीहून तंजावर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिथून दारासुरम आणि त्याला लागून असलेलं कुंभकोणम आणखी पस्तीस-चाळीस. पुढे गंगैकोंडचोळपुरम, आणि तिथून परतीचा शंभर किलोमीटरचा रस्ता. कावेरीच्या या सुपीक पट्ट्यात गावाला गाव लागून आहे, त्यामुळे गाडी पळवता येत नाही. दिवसाचे पाच-सहा तास गाडीतच जातील. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. तमिळनाडूतली देवळं दुपारी बंद असतात, साधारण साडेबारा ते चार. म्हणजे चारांपैकी निदान एका-दोन ठिकाणी तुम्ही बंद दारापाशी पोहोचाल आणि बाहेरूनच फोटो काढून निघाल.

वेळ थोडा असला की ठिकाणं वाढवण्याचा मोह होतो. माझा सल्ला उलटा आहे. शहराला विचारायचा एक प्रश्न मनाशी ठरवावा आणि दिवसभर त्याचाच माग काढावा. जे त्या वाटेवर येईल ते नीट पाहावं, जे येणार नाही ते बिनदिक्कत सोडावं. तंजावरसाठी मराठी माणसाला असा प्रश्न शोधावा लागत नाही. मुंबई-पुण्यापासून इतक्या दूर, कावेरीकाठी, आपल्या माणसांनी जवळजवळ पावणेदोनशे वर्षं राज्य केलं. त्यांनी तिथे काय केलं? शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं, आणि १८५५ मध्ये गादीला पुरुष वारस नाही असं सांगून इंग्रजांनी ते खालसा केलं. त्या कारभाराच्या खुणा शहरात दोन ठिकाणी दाटीने सापडतात, मोठ्या देवळात म्हणजे बृहदीश्वरात, आणि राजवाड्यात. दोन्ही एकमेकांपासून रिक्षाने काही मिनिटांवर आहेत. तुमचा दिवस या दोन जागांचा.

सकाळ: बृहदीश्वर

तिरुचिरापल्लीहून सहाच्या आसपासची गाडी धरा. रेल्वेला तासभर लागतो आणि तंजावर स्टेशनपासून देऊळ दोन किलोमीटरच्या आत आहे. बसने गेलात तर नवा बसस्टँड गावाबाहेर पडतो, तिथून पुन्हा शहरात यावं लागतं. गुडघ्यांचा विचार करता रेल्वेच बरी.

लवकर जायचं मुख्य कारण पायांचं आहे. चपला दाराशीच सोडाव्या लागतात आणि आतलं विस्तीर्ण दगडी अंगण दहानंतर तापायला लागतं. जाड मोजे सोबत ठेवा. अंगण बहुतेक सपाट आहे. पायऱ्या लागतात त्या मुख्य मंदिरात शिरताना.

आत गेल्याबरोबर गाभाऱ्याच्या रांगेत उभे राहू नका. आधी बाहेरून एक प्रदक्षिणा घाला. हे देऊळ बांधणाऱ्या राजराज चोळाने राज्याभिषेकानंतरच्या २५ व्या वर्षाच्या २७५ व्या दिवशी, म्हणजे १०१० मध्ये, शिखरावर चढवण्यासाठी कळस अर्पण केला. एवढी नेमकी तारीख कळते, कारण ती जोत्यावर कोरलेली आहे. हे जोतं सावकाश बघा. डोळ्यांच्या उंचीवर, दगडाच्या पट्ट्यांवर ओळींमागून ओळी तमिळ अक्षरं चालत जातात. ती हिशेबाची वही आहे. देवाला कोणी किती सोनं दिलं, कोणत्या गावाने किती भात द्यायचा, दिव्यांसाठी तूप कोणाकडून यायचं, हे त्यात आहे. देवळात नेमलेल्या चारशे नर्तकींची नावं आहेत, त्या कोणत्या गावच्या देवळातून आल्या आणि इथे कोणत्या गल्लीतल्या कोणत्या घरात राहत होत्या तेही आहे. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायकांचा पत्ता दगडावर शाबूत आहे. सुमारे दोनशे फूट उंचीचं शिखर सगळेच बघतात, खाली वाकून जोतं बघणारे थोडे. हे सगळं बांधकाम ग्रॅनाइटचं आहे आणि कावेरीच्या गाळाच्या या प्रदेशात असा दगड मिळत नाही. एकूण एक चिरा लांबून ओढून आणलेला आहे.

प्रदक्षिणेत मागच्या बाजूला, नैर्ऋत्येला पोहोचलात की तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर भेटेल. तिथला गणपती मराठ्यांच्या काळातला आहे. आणि त्याच बाजूच्या भिंतीवर चक्क देवनागरी आहे. सरफोजी राजे (दुसरे) यांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथे कोरवून घेतला. मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. अक्षरं बारीक आहेत, शब्द एकमेकांना चिकटलेले आहेत, पण घाई केली नाहीत तर ओळखीची नावं हाताला लागतात. दोघांनी मिळून एखादी ओळ मोठ्याने वाचून बघा. आणखी एक लक्षात घ्या. आपल्या कुळाचा इतिहास लिहायला सरफोजींनी वेगळं स्मारक उभारलं नाही. ज्या देवळात चोळांनी आपला हिशेब कोरला, पांड्यांनी देवीचं मंदिर बांधलं, नायकांनी सुब्रह्मण्याचं, तिथेच त्यांनी आपली ओळ जोडली. चार राजवटी एकाच अंगणात फिरून पाहता येतात.

या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं तुम्हाला तिथे कोणीतरी नक्की सांगेल. सकाळी पश्चिमेला बघा, ती लांबलचक पडलेली दिसेल. असल्या चमत्कारांची या देवळाला गरज नाही.

मग दर्शन घ्या. साडेनऊपर्यंत बाहेर पडा आणि पोंगल, वडा, कॉफी असा भरपेट नाश्ता करा.

दुपार: राजवाडा

उन्हाच्या वेळी छपराखाली असावं, म्हणून राजवाडा दुपारचा. नायकांनी बांधलेला आणि मराठ्यांनी वाढवलेला हा वाडा आज अनेक कचेऱ्या आणि संग्रहालयांमध्ये वाटला गेला आहे. प्रत्येक दालनाचं तिकीट, वेळ आणि जेवणाची सुट्टी वेगवेगळी असते, म्हणून साप्ताहिक सुट्टीसकट सगळं आदल्या दिवशी विचारून घ्या. घंटाघराचे जिने तुम्ही चढू नका. खालीच भरपूर आहे.

आर्ट गॅलरीत चोळकालीन ब्राँझच्या मूर्ती डझनांनी आहेत. सगळ्यांपुढे दोन-दोन सेकंद थांबण्यापेक्षा एकीपुढे दहा मिनिटं उभे राहा. तिरुवेंकाडूहून आलेला वृषवाहन शिव शोधा. काळ १०११, म्हणजे मोठ्या देवळाच्या पाठोपाठचा. जटा पागोट्यासारख्या गुंडाळलेल्या, एक पाय सहज दुमडून दुसऱ्यापुढे घेतलेला, आणि उजवा हात नंदीच्या पाठीवर टेकावा तसा हवेत. नंदी आता तिथे नाही. तरी त्या मनगटाचा, बोटांचा सैलपणा असा आहे की नंदीची उंचीसुद्धा कळते. शेजारी पार्वती उभी आहे, ती वर्षभराने घडवलेली. तंजावरला येऊन एवढी एक मूर्ती पाहिली तरी तिकिटाचे पैसे वसूल.

त्याच इमारतीत सरफोजी राजांचा संगमरवरी पुतळा आहे, फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला. डोक्यावर टोकदार टोपी, हात जोडलेले. राज्याचा खरा कारभार १७९९ च्या तहाने इंग्रजांकडे गेला होता आणि किल्ला तेवढा सरफोजींकडे उरला होता. सत्ता गेलेल्या या राजाने उरलेलं आयुष्य पुस्तकं, वैद्यक, संगीत आणि छपाई यांत घातलं. त्यांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी त्यांनी चित्रांसह ठेवून घेतल्या. ज्यांच्याकडून भरतनाट्यमचा आजचा कार्यक्रमाचा साचा आला, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ याच दरबाराशी जोडलेले.

सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय मात्र कोणत्याही परिस्थितीत चुकवू नका. मूळ ग्रंथालय अभ्यासकांसाठी आहे, आपल्याला संग्रहालयापुरतं जाता येतं, पण तेवढंही पुरेसं आहे. नायकांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजींनी कितीतरी पटींनी वाढवला. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी पोथ्या इथे एका छपराखाली आहेत. मोडी कागदपत्रांचे रुमाल वेगळेच. काचेआड ताडपत्रं दिसतील, हाताने रंगवलेली चित्रं दिसतील, युरोपातून मागवलेले नकाशे दिसतील.

तुम्ही सांगलीच्या, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं आणि तिथून मराठी रंगभूमीचा दिवस आपण मोजतो. ते बरोबरच आहे, कारण आजच्या नाटकाची सलग परंपरा तिथून निघते. पण त्याच्या दीडशे वर्षं आधी तंजावरचे शहाजी राजे, व्यंकोजींचे चिरंजीव, मराठीत ‘लक्ष्मीनारायण कल्याण’सारखी नाटकं लिहीत होते. ती याच ग्रंथालयाने जपली, म्हणून आपल्याला माहीत आहेत. सांगलीकरांनी या दारात तेवढ्यासाठी तरी पाऊल टाकावं.

भाषेचं काय?

भाषेची धास्ती घेऊ नका. पाट्या इंग्रजीतही असतात आणि तिकीटखिडकीवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत काम भागतं. चार शब्द मात्र पाठ करून जा. मोठ्या देवळाला ‘पेरिय कोविल’ म्हणतात, राजवाड्याला ‘अरण्मनै’. रिक्षावाल्याला एवढं पुरतं. बसण्याआधी ‘एव्वळवु?’ म्हणजे किती, ते विचारून भाडं ठरवा. केळीच्या पानावर जेवायला बसलात की ‘पोदुम’, म्हणजे पुरे, हा शब्द लागेलच, नाहीतर वाढपी भात वाढतच राहतो.

शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरंही आहेत. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळच्या सहवासात वाढलेली. कोणी भेटलं तर त्यांचं ऐका, आपल्या मराठीने ती तपासू नका.

संध्याकाळ

जेवणानंतर तास-दीड तास निवांत बसा. दिवसभरासाठी स्टेशनजवळ साधी खोली घेतली तर ती उधळपट्टी नाही. तुमच्या वयाला आणि गुडघ्यांना तिची गरज आहे. मग चारनंतर दोन पर्याय उरतात. तेरा किलोमीटरवर तिरुवैयारू आहे, तिथे कावेरीकाठी त्यागराजांची समाधी आहे. कर्नाटक संगीताची आवड असेल तर जरूर जा. नसेल तर पुन्हा मोठ्या देवळात जा. तीच जागा दुसऱ्यांदा पाहण्यात वेळ वाया जात नाही. सकाळी तुम्ही पाहुणे असता, संध्याकाळी काय कुठे आहे ते ठाऊक असतं. शिवाय तेव्हा गावकरी येतात. पोरं अंगणात पळतात, बायका हिरवळीवर गप्पा मारत बसतात, दगड निवलेला असतो आणि कलत्या उन्हात शिखराचा रंग तांबूस होतो. सकाळी मराठी लेखाची वाचायची राहिलेली ओळ तेव्हा वाचून घ्या. शेवटची सोयीची गाडी किती वाजता आहे ते सकाळी उतरतानाच पाहून ठेवा.

राहिला प्रश्न ह्यांच्या आग्रहाचा. दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम ही कमी प्रतीची ठिकाणं नाहीत. २००४ पासून ती तंजावरच्या देवळासोबतच जागतिक वारसा यादीत आहेत. दारासुरमचं कोरीवकाम इतकं बारीक आहे की त्यालाच अख्खी सकाळ द्यावी लागते. नेमकं म्हणूनच ते उरकण्याच्या यादीत घालू नये. परतीची गाडी एका दिवसाने पुढे ढकलता आली तर रात्री कुंभकोणमला मुक्काम करा आणि सकाळी दारासुरम पाहा. नाही ढकलता आली, तर भाची आता तिरुचिरापल्लीचीच होणार आहे. पुन्हा जायला तुम्हाला यापुढे निमित्त शोधावं लागणार नाही, हे ह्यांना जरूर सांगा.