एका जुवाखालची जनित्रे

कशेडी घाट हा रायगड व रत्नागिरी या दोन जिल्ह्यांमधील उंबरठा होय. त्याच्या दक्षिणेस, चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे, कोयनेचे पाणी १९६२ पासून जनित्रे फिरवीत आहे. उत्तरेस भिरा येथे मुळशीचे पाणी १९२७ पासून हेच काम करते. घाटातील घरात लागलेला दिवा मात्र यांपैकी अमुक एका केंद्राचा, असे सांगता येत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे विद्युत्‌जाळे उर्वरित देशाशी एक झाले. तेव्हापासून देशभरातील जनित्रे सेकंदाला सुमारे ५० आवर्तनांच्या एकाच ठेक्यात चालतात.

एका जुवाला जुंपलेली बैलजोडी पाहावी. दोघांचा वेग एकच, तरी अधिक ओढणारा बैल किंचित पुढे असतो. जनित्रांचेही तसेच आहे. एका केंद्रातून दुसऱ्याकडे वीज वाहते ती त्यांच्या विद्युत्‌दाबांमधील कोनाच्या अंतरामुळे. हे अंतर मर्यादेत असेल तोवर जू शाबूत राहते. ते फार वाढले की यंत्रे एकमेकांपासून तुटतात.

हा कोन मोजणे ही दीर्घकाळ मोठी अडचण होती. ५० आवर्तनांच्या जाळ्यात एक आवर्तन सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पुरे होते. त्यामुळे दोन ठिकाणच्या घड्याळांत सेकंदाच्या हजाराव्या भागाचा जरी फरक पडला, तरी कोनात १८ अंशांची चूक होते. अशा मोजणीचा उपयोग शून्य.

ही अडचण सोडविणाऱ्यांत डॉ. अरुण फडके यांचे नाव अग्रभागी आहे. १९३८ साली ग्वाल्हेर येथे जन्मलेले फडके खरगपूरच्या आयआयटीचे पदवीधर. पुढे अमेरिकेत, सत्तरच्या दशकात, ते वाहिन्यांवरील बिघाड संगणकाने ओळखणाऱ्या संरक्षक रिलेवर काम करीत होते. त्या गणितातून दाबाचा कोनही अचूक हाती येतो, हे तेथेच ध्यानात आले. उपग्रहांवरील अणुघड्याळांमुळे सर्व केंद्रांना सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत समान वेळ मिळू लागली, तेव्हा चूक ०.०१८ अंशावर आली. फडके व त्यांचे सहकारी जेम्स थॉर्प यांच्या मार्गदर्शनाखाली व्हर्जिनिया टेक येथे १९८८ मध्ये पहिले फेझर मापन-यंत्र तयार झाले. २००८ साली दोघांना बेंजामिन फ्रँकलिन पदक देण्यात आले.

हे संशोधन किती निकडीचे होते, ते ३० जुलै २०१२ च्या पहाटे भारताने अनुभवले. बीना-ग्वाल्हेर वाहिनीवर बिघाड नव्हता, फक्त भार अतोनात वाढला होता. रिलेने त्यालाच बिघाड समजून वाहिनी तोडली. उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य हे तिन्ही विभाग कोसळले. महाराष्ट्रासह पश्चिम विभाग वाचला. यानंतर देशभरातील उपकेंद्रांत ही मापन-यंत्रे बसविण्याच्या कामास वेग आला.

अर्थात, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात उन्मळलेले खांब उभे करण्यास अशा यंत्राचा काडीचाही उपयोग नव्हता. ते काम माणसांचे व शिडीचेच. गावातील बिघाड वेगळा आणि जाळ्याचा तोल वेगळा. ग्रामसभेत विजेच्या तक्रारी मांडताना हा भेद ध्यानी ठेवलेला बरा.

सौर विजेच्या प्रसाराबरोबर तोलाचा प्रश्न अधिक नाजूक होत आहे. कुंभाराने दांडी काढली तरी चाक काही काळ फिरत राहते. पोफळीतील अवजड जनित्रांतही अशी गती साठलेली असते आणि अचानक भार वाढल्यास पहिले काही क्षण तीच जाळे सावरते. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नाही. त्यांची वीज इन्व्हर्टरमधून येते. त्या इन्व्हर्टरला जनित्रासारखे वागण्यास कसे शिकवावे, यावर जगभरचे विद्युत् अभियंते आज संशोधन करीत आहेत. तोवर वारंवारता घसरते किती वेगाने, यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवणे भाग आहे, आणि तो पहारा फेझर यंत्रे ठेवतात.

जाळे कोसळल्यावरही त्यांचे काम संपत नाही. बाहेरची वीज नसताना प्रथम सुरू करता येतात ती जलविद्युत्‌ केंद्रे. त्यांच्याभोवती विजेची लहान बेटे उभी राहतात आणि मग ती एकमेकांना जोडली जातात. जोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा कोन जुळलेला असावा लागतो. नाहीतर त्या झटक्याने जनित्राचा आस पिळवटून निघतो.