गार्ड म्हणजे कोण?

पेंडल हिलला गाडी सुटण्यापूर्वी गार्ड फलाटावर नजर टाकतात, मगच दारे बंद करतात. भारतीय रेल्वेने २०२२ साली या पदाचे नाव 'ट्रेन मॅनेजर' केले. आजोबांच्या तोंडी मात्र अजून गार्डच!

इंग्रजीत हा एकच शब्द माणसालाही चालतो नि वस्तूलाही. मराठीत आधी विचारायचे, हा जागा राहतो का? रात्री जागून गाव सांभाळणारा तो 'जागल्या'. शेत राखणारा 'राखणदार'. 'पहारेकरी' आला प्रहरावरून. प्रहर म्हणजे ३ तास.

पंख्याची जाळी जागत नाही, पण डुलकीही घेत नाही! गवत कापायच्या यंत्राला मागे झाकण असते. पात्याने उडवलेला खडा पायावर येऊ नये, म्हणून ते असते. अडचण होते म्हणून काढून ठेवू नका. (पालकहो, हे तुम्हालाच!)

राहिले पाहुण्यांसाठी रांगेत उभे राहणारे सैनिक, म्हणजे 'गार्ड ऑफ ऑनर'. तिथे राखण नाही, मान आहे. म्हणून आपण म्हणतो 'मानवंदना'.

गृहपाठ : सायकलच्या 'मडगार्ड'ला मराठी शब्द सुचवा. 'चिखलाचा पहारेकरी' चालणार नाही. तो चिखल राखत नाही, चिखलापासून राखतो!