शाळेची वर्गणी आणि हातातला फोन



हंगामात आपला फोन दिवसभर वाजत असतो. तोड कधी येणार, गाडी कुठं अडकली, उचल जमा झाली का, असे निरोप सुरूच असतात. त्यातच एखादा निरोप येतो : 'आपल्या शाळेला सढळ हाताने मदत करा.' आपण वाचतो, हात जोडल्याचे चित्र टाकतो आणि पुढच्या निरोपाकडे वळतो. दीडशे जणांच्या गटात दीडशे जणांनी हात जोडले, तरी शाळेच्या पदरात काही पडत नाही. केंदूर-पाबळ भागातल्या काही सभासदांनी याबद्दल विचारले, म्हणून हा पाठ लिहीत आहोत.

वर्गणी ही काही आपल्याला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, ती घराघरातल्या मूठभर धान्याच्या बळावर वाढली. प्रवरानगरचा कारखाना १९५० साली उभा राहिला, त्याआधी विठ्ठलराव विखे पाटील भागभांडवलासाठी गावोगाव, दारोदार फिरले होते. देणाऱ्याला मागणारा माणूस समोर दिसत होता. पैसा कशाला हवा हे ठाऊक होते, आणि उद्या बाजारात गाठून हिशेब विचारता येत होता. फोनवरच्या निरोपात या तिन्ही गोष्टी गळून पडतात. चिंचवडला किंवा मुंबईला नोकरी करणारा आपला पोरगा निरोप वाचतो, पण कुणी मागितले, कशाला मागितले आणि पैसे कुठं जाणार, हे त्याला कळत नाही. मग तो हात जोडून मोकळा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात चार्ल्स बेस्ट नावाचे एक शिक्षक होते. वर्गात पुस्तके नव्हती म्हणून ते पानांच्या प्रती काढून मुलांना देत. त्यांनी २००० साली 'डोनर्सचूज' नावाची व्यवस्था सुरू केली. शिक्षकाने आपल्या वर्गाला नेमकी कोणती वस्तू हवी ते लिहायचे आणि ज्याला वाटेल त्याने त्या वस्तूसाठी पैसे द्यायचे. ओळख नसलेल्यांना कळावे म्हणून मुलांनी सुरुवातीला दोन हजार माणसांना हाताने पत्ते घालून पत्रे पाठवली. त्यातली मेख अशी की पैसे शिक्षकाच्या हातात जात नाहीत. संस्था वस्तू विकत घेऊन थेट शाळेत पोचवते आणि वर्गाकडून देणाऱ्याला आभाराचे पत्र जाते. आपल्या वजनकाट्यावरची पावती हेच काम करते. ऊस किती गेला ते लेखी मिळते, म्हणून गाडी गव्हाणीकडे गेली तरी शेतकरी निर्धास्त असतो.

लांब कशाला, आपल्याच शिरूर तालुक्यात शिक्रापूरजवळ वाबळेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे काचेचे वर्ग पाहायला लांबून माणसे आली. ते वर्ग एका कंपनीच्या सामाजिक निधीतून झाले खरे, पण त्याआधी ग्रामस्थांनी आपली जमीन दिली होती. शेजारच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या शाळेला २०२५ साली टी-फोर एज्युकेशन या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तो लोकांच्या मतांवर ठरतो, आणि ही मते इंटरनेटवरून पडली. शाळेचे नाव फोन जगभर नेतो, पण मूळ काम गावात झालेले असावे लागते.

आता मागायचे काय? इथेच बहुतेक गावे चुकतात. 'डिजिटल वर्ग करायचा आहे' असे म्हटले की देणाऱ्याला त्याचे टोक सापडत नाही. केंदूरच्या शेजारी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी हाताने काम करून शिकावे आणि ते काम गावाच्या उपयोगी पडावे, हा त्यांचा धडा होता. त्या धर्तीवर आम्ही असे सुचवू, की शाळेसाठी एक पर्जन्यमापक आणि माती तपासण्याचे साधे साहित्य मागावे. मुलांनी रोजचा पाऊस फळ्यावर लिहावा, बांधावरची माती तपासावी. विज्ञानाचा पाठ होईल आणि लागणीच्या वेळी आपल्यालाही त्या आकड्यांचा उपयोग होईल. ज्याच्या रानात पाणी कधी येते कधी येत नाही, त्याला पावसाची नोंद काय मोलाची असते, हे केंदूरकरांना आम्ही सांगायला नको.

पैशाची वाट मात्र पहिल्या दिवसापासून चोख हवी. एका गावचा प्रकार आमच्या पाहण्यात आहे, नाव सांगत नाही. गुरुजींनी घाईने स्वतःच्या खात्याचा क्रमांक गटावर टाकला. पैसे जमले, पडदा आणि प्रक्षेपक आले, पण बिल कुणाला दाखवलेच नाही. दोन महिन्यांनी पारावर बोलणे सुरू झाले, 'मास्तरनं किती खाल्लं?' माणूस सरळ होता, एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नव्हता. शेवटी त्यांनी बदली मागून घेतली. पडदा आता गुंडाळून ठेवलेला आहे.

म्हणून पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्याच बँक खात्यात घ्यावेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ही समिती आली आणि तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. रकमेआधी समितीचा ठराव करावा, दुकानाचे दरपत्रक मिळवावे आणि प्रत्येकाला पावती द्यावी. फोनवरून पैसे भरणारा चौकोनी कोड चालू केला, तर पाठवण्याआधी पडद्यावर खात्याचे नाव दिसते. ते शाळेचेच आहे का, हे आधी पाहा असे निरोपातच लिहावे. पैसे घेताना गुप्त आकडा कधीच टाकावा लागत नाही. तो मागणारा लबाड समजावा, आणि फसगत झालीच तर तातडीने १९३० वर फोन करावा.

परदेशी गेलेल्यांबद्दलही सांगतो. आपला मुलगा तिकडे नोकरीला आहे पण पासपोर्ट भारताचा आहे, तर त्याची वर्गणी परदेशी देणगी ठरत नाही. तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ठरते, आणि ती घ्यायला केंद्र सरकारची नोंदणी किंवा परवानगी लागते. अशी रक्कम परस्पर घेऊ नये. आयकरातली सूटही प्रत्येक पावतीवर मिळत नाही, तेव्हा तिचा शब्द कुणी देऊ नये.

फोटोंचेही एक आहे. फाटक्या कपड्यातले पोर उभे करून पैसा मागणे आम्हाला पटत नाही. ते पोर उद्या त्याच गटावर स्वतःला पाहील. पालकांची संमती घ्यावी, आणि वस्तूचे किंवा कामात गुंतलेल्या हातांचे चित्र टाकावे.

निरोप साधारण असा असावा. आकडे नमुन्यापुरते आहेत :

'आपल्या शाळेतल्या सातवीच्या वर्गाला पर्जन्यमापक व माती तपासणीचे साहित्य हवे आहे. दरपत्रकाप्रमाणे खर्च ६,४०० रुपये. त्यातले १,५०० पालकांनी आधीच दिले, ४,९०० हवेत. पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर पाठवावेत, पावती मिळेल. रक्कम पुरी होताच मागणी बंद होईल. बिल व उरलेली रक्कम याच गटावर त्याच आठवड्यात कळवू. पहिल्या पावसाचा आकडा मुले स्वतः कळवतील.'

हा निरोप उसाचे पेमेंट निघण्याआधी टाकू नये, तेव्हा आपल्याच घरात ओढ असते. पेमेंट झाल्यावर, नाहीतर यात्रेच्या आदल्या आठवड्यात टाकावा. बाहेरगावची मंडळी तेव्हा गावाकडे निघालेली असतात, आणि ज्याला शंका असेल तो शाळेत येऊन दरपत्रक बघून जातो.