लहान मुलांची शिकवणी : इचलकरंजीच्या संदर्भात काही विचार

पंचगंगेच्या काठी वसलेल्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागिरीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या उद्योगास उत्तेजन दिले. पुढे सहकारी सूतगिरण्या, सायझिंगचे कारखाने व प्रोसेसर्स यांची जोड मिळून हे गाव ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. २०२२ साली येथील नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. उद्योगाच्या या वाढीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मागावर काम करणाऱ्यांची मुले सायंकाळी कोठे असतात, काय शिकतात, याविषयी मात्र फारसे लिहिले गेलेले नाही.

यंत्रमागावरील मजुरी कापडाच्या उत्पादनावर मोजली जाते आणि अनेक ठिकाणी पाळी बारा तासांची असते. वडील मागावर, आई कांड्या भरण्याच्या कामावर, अशा घरात शाळेतून परतलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाजवळ बसणारे कोणी नसते. पुष्कळदा आईवडिलांना मुलाच्या पुस्तकाची भाषाच वाचता येत नाही. या गरजेतून गल्लोगल्ली शिकवण्या सुरू झाल्या. एखादी शिकलेली सून, महाविद्यालयात जाणारी मुलगी किंवा सेवानिवृत्त गुरुजी आपल्या घराच्या सोप्यात दहाबारा मुले बसवितात. त्यासाठी भांडवल लागत नाही, परवाना लागत नाही आणि घर सोडून जावेही लागत नाही. सुशिक्षित स्त्रियांना घरबसल्या मिळणारा हा एक प्रतिष्ठित व्यवसाय आहे. तो सुरू करणे सोपे असल्यामुळेच त्यात शिरण्यापूर्वी थोडा विचार होणे अगत्याचे आहे.

पैसे देऊन मुलास शिकविण्याची पद्धत महाराष्ट्रास नवीन नाही. पंतोजींच्या शाळा याच तत्त्वावर चालत. धूळपाटीवर अक्षरे गिरविणे, पाढे व मोडी यांवर त्यांचा भर असे आणि ज्याच्या घरी धान्य वा पैसा नाही त्याच्या मुलास तेथे सहसा जागा नसे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला, त्यामागे ही दरी बुजविण्याचाच हेतू होता. त्यानंतर शंभर वर्षे उलटून गेल्यावर त्याच जिल्ह्यात, मोफत शाळेत जाणाऱ्या कामगाराच्या मुलासाठी पुन्हा शिकवणीची फी भरावी लागते, ही गोष्ट शिक्षणक्षेत्रातील कार्यकर्त्यांनी व अधिकाऱ्यांनी गंभीरपणे घ्यावी अशी आहे. परंतु जी शिकवणी आज प्रत्यक्षात चालू आहे ती निदान मुलाच्या उपयोगी पडावी, एवढा आग्रह धरणे कोणासही अशक्य नाही.

भरलेली वही आणि न येणारे वाचन

बहुतेक शिकवण्यांचा प्रारंभ गृहपाठापासून होतो आणि दुर्दैवाने पुष्कळांचा शेवटही तेथेच होतो. मूल दप्तर उघडते, फळ्यावरील मजकूर पाहून लिहिते, वही भरते. पालकांना भरलेली वही दिसते व ते समाधानी होतात. शाळेतही वही पूर्ण असल्याची खूण होते. या सर्व व्यवहारात मुलास वाचता येते की नाही, हे पाहण्याचा प्रसंगच येत नाही. पाहून लिहिणे हे हाताचे काम आहे. अक्षरओळख नसलेले मूलही ते सुबकपणे करू शकते, किंबहुना अशी मुले नक्कल करण्यात विशेष तरबेज झालेली असतात.

तिसरी-चौथीत गेल्यावर इतिहास, भूगोल, परिसर अभ्यास, गणितातील शाब्दिक उदाहरणे या सर्वांची वाट वाचनातून जाते. ज्याचे वाचन पहिल्या दोन-तीन वर्षांत राहिले त्याचे पुढील सारेच विषय एकाच वेळी बंद होतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान यांस अग्रक्रम दिला आणि २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले, ते याच कारणासाठी. शिकवणी सुरू करणाऱ्याने आपले कामही हेच मानावे. गृहपाठ हे शाळेचे काम आहे. त्यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये.

म्हणून पहिला आठवडा शिकविण्यात नव्हे, पाहण्यात घालवावा. ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ‘असर’ या नावाने जी पाहणी चालविली आहे, तिची रीत अगदी साधी आहे. मुलापुढे अक्षरे, सोपे शब्द, छोटा परिच्छेद व गोष्ट अशा चढत्या क्रमाने मजकूर ठेवावयाचा आणि ते कोणत्या पायरीपर्यंत येते ते पाहावयाचे. शिकवणीच्या बाईंना बालभारतीच्या पहिली-दुसरीच्या पुस्तकांतून असा मजकूर सहज काढता येतो. ही पाहणी एकेका मुलास बाजूला घेऊन करावी. इतर मुलांसमोर अडखळलेले मूल दुसऱ्या दिवशी तोंड उघडत नाही. गणितातही पुस्तकातील उदाहरणाने आरंभ न करता वस्तू मोजावयास सांगाव्यात, मग अंक ओळखण्यास सांगावे. प्रत्येक मुलासाठी वहीचे एक पान राखून त्यावर तारीख व पायरी लिहून ठेवावी. यापुढे मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न पाडता या पायरीप्रमाणे पाडावेत. तिसरीतील मूल पहिलीच्या मुलांबरोबर अक्षरांच्या गटात बसले तर पालक प्रथम नाराज होतात. त्यांना पान दाखवून समजावून सांगणे हा बाईंच्या कामाचाच भाग आहे.

घरची भाषा, शाळेची भाषा

इचलकरंजीतील शिकवणीचा खरा कस येथे लागतो. सीमाभाग जवळ असल्याने कानडी बोलणारी कुटुंबे येथे पूर्वीपासून आहेत. विणकामाच्या परंपरेमुळे तेलुगू भाषक आले आणि अलीकडच्या काळात उत्तर भारतातून आलेल्या कामगारांमुळे हिंदी व तिच्या बोली घराघरांत ऐकू येतात. मूल मराठी शाळेत असले तरी त्याचे कान मराठीचेच असतील असे नाही.

हिंदी घरातील मुलास देवनागरी लिपी परकी नसते, पण ‘ळ’ हा वर्ण नवा असतो. ते ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणते आणि ‘पाणी’ व ‘पानी’ यांत त्याला फरक जाणवत नाही. मराठीतील ‘च’चे दोन उच्चारही त्याला ठाऊक नसतात. ‘चमचा’ व ‘चहा’ यांतील ‘च’ ते सारखाच उच्चारते. कानडी घरातील मुलाची अडचण निराळी. ‘ळ’ आणि ‘ण’ हे वर्ण त्याच्या जिभेवर असतात, पण बोलीभाषेत महाप्राण उच्चार सैल असल्यामुळे ‘खार’ व ‘कार’, ‘भात’ व ‘बात’ यांत त्याची गल्लत होते. या चुका आळसाच्या किंवा मंदबुद्धीच्या नाहीत. ज्या बाईंना हे ठाऊक असते त्या हातावर छडी मारण्याऐवजी तोंडासमोर कागदाचा तुकडा धरून ‘ख’ म्हणताना तो कसा हलतो ते दाखवितात. हा खेळ मुलांना फार आवडतो आणि फरक त्यांच्या डोळ्यांना दिसतो.

संख्यांच्या बाबतीत तर घरच्या भाषेचा प्रभाव आश्चर्य वाटावे इतका असतो. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी येतो. त्यामुळे मराठी मुलेही २५ ऐवजी ५२ लिहितात. कानडीत हीच संख्या ‘इप्पत्तैदु’, म्हणजे वीस आणि पाच. तेलुगूतही ‘इरवै ऐदु’. या भाषांत उच्चाराचा व लेखनाचा क्रम एकच आहे. हिंदीतील ‘पच्चीस’ मात्र मराठीच्याच वळणाचा. म्हणजे कानडी किंवा तेलुगू घरातील मूल घरी सरळ ऐकते आणि शाळेत उलट. त्यातच एकोणतीस, एकोणचाळीस या संख्यांत ‘एक उणे’ ही वजाबाकी दडलेली आहे. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा वाचनाचा पर्याय दिला, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरे व उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना होणारा त्रास हे त्यामागील कारण सांगितले होते. भाषेच्या डौलाविषयी मतभेद असू शकतात. परंतु कानडी घरातील मुलास ‘पंचवीस’ शिकविण्यापूर्वी ‘वीस आणि पाच’ ही पायरी देणाऱ्या बाईंचे काम निम्म्याने हलके होते, याविषयी वाद असण्याचे कारण नाही.

त्यासाठी साहित्य विकत आणण्याची गरज नाही. यंत्रमागाच्या गावात रिकाम्या कांड्या सहज मिळतात. दहा कांड्यांचा एक जुडगा बांधावा. दोन जुडगे व पाच सुट्या कांड्या मुलाच्या हाती देऊन ती संख्या घरच्या भाषेत म्हणावयास सांगावी, मग मराठीत म्हणवून घ्यावी आणि शेवटी पाटीवर लिहावयास सांगावी. बाईंना मोडकेतोडके कानडी येत असेल तर तिचा उपयोग करण्यात संकोच मानू नये. वर्गात घरची भाषा बोलण्यास मनाई करणे ही शिकवणीतील सर्वांत महागात पडणारी शिस्त आहे.

वाचनाचा आरंभही ‘क ख ग घ’ या क्रमानेच व्हावा असे नाही. म, ग, र, क, ळ ही पाच अक्षरे व काना एवढ्या सामग्रीवर मगर, कमळ, मका, मामा, काका, काळा, गळा, माळ, गारा असे कितीतरी शब्द होतात. दोन आठवड्यांत मुलास स्वतः शब्द वाचल्याचा आनंद मिळतो. भ-म, घ-ध, ब-व अशी परस्परांसारखी दिसणारी अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. ऱ्हस्वदीर्घाची काटेकोर तपासणी वर्षभर लांबणीवर टाकली तरी चालेल.

जागा, वेळ आणि व्यवहार

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी व अनुताई वाघ यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. त्यातूनच ‘अंगणवाडी’ ही कल्पना रुजली. शिकवणीस फर्निचरयुक्त खोली लागते या समजुतीस हा इतिहास पुरेसे उत्तर आहे. मागाच्या खडखडाटापासून दूर, उजेडाची व दार उघडे राहील अशी जागा असावी, एवढे पुरे. अशी जागा कामगारवस्तीत मिळणे अवघड असते. कबनूर, कोरोची, चंदूर, तारदाळ या लगतच्या गावांत यंत्रमाग पसरले आहेत. तेथील ग्रामपंचायतींनी समाजमंदिर किंवा शाळेची एक खोली सायंकाळी दोन तास मोकळी करून दिली, तर अल्प खर्चात मोठे काम होईल.

सहा-सात वर्षांचे मूल दिवसभर शाळेत बसून आलेले असते. त्याला आल्याबरोबर लिहावयास बसवू नये. एकूण वेळ सव्वा तासाहून अधिक नसावा आणि दर पंधरा मिनिटांनी काम बदलावे. मुले प्रारंभी तीन-चारच घ्यावीत. बारांहून अधिक मुले एकटीने सांभाळू नयेत. दारावर यशाची हमी देणारा फलक लावण्यापेक्षा पहिल्या तीन मुलांचे वाचन सुधारणे हाच प्रचार गल्लीत अधिक चालतो. मजुरी आठवड्याला मिळते, तेथे महिन्याची फी एकदम मागण्यापेक्षा आठवड्याला घेणे दोघांनाही सोयीचे पडते. दिलेल्या पैशाची नोंद मात्र लेखी असावी.

काही कायदेशीर बाबी येथे नमूद करणे आवश्यक आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ प्रमाणे शाळेतील शिक्षकास खाजगी शिकवणी घेता येत नाही. केंद्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश न देण्याविषयी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांच्या शिकवणी केंद्रांसाठी आहेत. घरगुती शिकवणी त्यांत येत नाही. परंतु मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने केलेली मारहाण किंवा छळ बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे आणि तो घरगुती शिकवणीसही लागू होतो. मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे.

वर्गशिक्षकांशी ओळख करून घेणे हे कायद्यात नसले तरी तितकेच आवश्यक आहे. शाळेत एक पद्धत आणि शिकवणीत दुसरी, असे झाल्यास मूल दोन्हीकडे गोंधळते. शिक्षकांनीही शिकवणीच्या बाईंना प्रतिस्पर्धी मानण्याचे कारण नाही.

महिनाअखेरीस पालकांना वही न दाखविता मुलाचे वाचन ऐकवावे. स्वतः निरक्षर असलेल्या आईलाही आपले मूल अडखळत वाचते की सरळ वाचते, हे ऐकून कळते. फी कशासाठी दिली, हे तिला त्यावेळी प्रथमच उमगते.

आता एक अवघड गोष्ट. शिकवणी यशस्वी झाली की मुलाला शिकवणीची गरज उरत नाही आणि बाईंची तेवढी फी बुडते. गृहपाठाची शिकवणी वर्षानुवर्षे चालते, वाचनाची शिकवणी दीड-दोन वर्षांत संपावयास हवी. त्यामुळे मूल अडकवून ठेवण्याचा मोह या व्यवसायात सदैव आहे. ज्या मुलाला गोष्ट समजून वाचता येते त्याच्या पालकांना तसे स्पष्ट सांगावे, त्याची रोजची हजेरी थांबवावी आणि त्याच्या जागी प्रतीक्षेतील मूल घ्यावे. मोकळ्या झालेल्या मुलाने शनिवारी येऊन गोष्टीचे एक पुस्तक बदलून न्यावे, त्यासाठी फी नसावी. पुस्तकांसाठी आपटे वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयाचे सभासदत्व एका नावावर घेतले, तरी आरंभाचे काम भागते.